शेपटीवर नाव कुणाचं?

सीटबेल्ट लावा, मोबाइल बंद करा, खिडकीतून खाली बघा... चला, उतरा. आलं!

चेष्टा नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला जाणारं विमान टाइमटेबलमध्येच दोन मिनिटांचं आहे. अंतर अवघं 2.7 किलोमीटर. वारा पाठीशी असेल तर एक मिनिटही पुरतं, रेकॉर्ड तर 53 सेकंदांचा आहे! आपल्या ऑफिसची लिफ्ट यापेक्षा जास्त वेळ घेते, बॉस.

जगातली ही सगळ्यात छोटी शेड्यूल्ड फ्लाइट 1967 मध्ये सुरू केली ती ग्लासगोच्या लोगनएअरनं. ‘आयलंडर’ जातीचं पिटुकलं विमान, आठ प्रवासी, एकच पायलट. नशीब जोरावर असेल तर सीट थेट पायलटच्या शेजारी. टुरिस्टांना याची भारी गंमत वाटते. पण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर शिकवायला जाणाऱ्या मास्तरांसाठी ही साधी रोजची एस.टी. आहे.

कंपनीचा जन्मही असाच, गरजेतून झालेला. विली लोगन हा बांधकाम कंत्राटदार. स्कॉटलंडभर पसरलेल्या साइट्सवर पटापट पोचायचं कसं? त्यानं 1962 मध्ये एअर टॅक्सीच सुरू केली. 1966 मध्ये एका विमान अपघातात तो गेला, कंपनी मात्र राहिली. पुढच्याच वर्षी बेटांवरच्या पेशंटना हॉस्पिटलात पोचवायचं काम तिनं अंगावर घेतलं आणि 2006 पर्यंत निभावलं.

आणि बॅरा बेटाचा एअरपोर्ट? तिथं रनवेच नाही. विमान चक्क समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत उतरतं. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली! म्हणून ग्लासगोहून येणाऱ्या ‘ट्विन ऑटर’चं टाइमटेबल भरती-ओहोटी बघून ठरतं. विमानं नसतात तेव्हा त्याच वाळूत लोक शिंपल्या गोळा करतात.

वाचायला रोमँटिक वाटतं ना? आता हिशेब बघा. पायलटचा पगार, मेंटेनन्स, लँडिंगचा खर्च... हे सगळं 180 सीट्सवर वाटलं की तिकीट स्वस्त होतं. आठ किंवा एकोणीस सीट्सवर वाटलं की घाम फुटतो. त्यामुळे अशा काही रूट्ससाठी सरकार नाहीतर तिथली कौन्सिल टेंडर काढते. किती फेऱ्या, कुठल्या वेळी, हे ठरवून देते आणि तोटा भरून काढते. बाकीच्या रूट्सवर कंपनीला स्वतःच्या जिवावर कमवावं लागतं. भाडी महाग म्हणून बेटवासी कुरकुरतात, ते अगदीच चूक नाही. त्यांच्यासाठी 2006 मध्ये सरकारनं तिकिटावर सवलतीची स्कीमही आणली.

खरी गोष्ट पुढेच आहे. नव्वदच्या दशकापासून लोगनएअरच्या बऱ्याचशा विमानांवर तिचं नावच नव्हतं! विमान तिचं, पायलट तिचा, पण रंग आणि तिकीट ब्रिटिश एअरवेजचं. याला म्हणतात फ्रँचायझी. 2008 मध्ये ते संपलं आणि शेपटीवर फ्लायबीचा रंग चढला. लहान कंपनीला मोठ्या नावाची सावली बरी वाटते. तिकिटं खपतात, गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

1 सप्टेंबर 2017 ला लोगनएअर या सावलीतून बाहेर पडली. स्वतःचं नाव, शेपटीवर स्कॉटिश चौकडा. धाडसच होतं ते. कारण आता विमान उडवण्याबरोबरच ते विकायचंही होतं.

आणि मार्च 2020 मध्ये फ्लायबी कोसळली. युरोपातली मोठी रीजनल एअरलाइन म्हणून मिरवणारी कंपनी एका रात्रीत बंद. लोगनएअरनं त्याच दिवशी तिचे 16 रूट्स चालवायला घेतल्याचं जाहीर केलं. फ्लायबी 2022 मध्ये परत उडाली आणि जानेवारी 2023 मध्ये परत बसली.

मला यात आपलीच गोष्ट दिसते. नोकरी सोडून मी फ्रीलान्स झाले तेव्हा पहिला धक्का पैशांचा नव्हता. फोनवर ‘कुठून बोलताय?’ विचारलं की काय सांगायचं, हा होता. आधी एक मोठं नाव तोंडावर असायचं, लोक लगेच वेळ द्यायचे. त्यातलं माझं किती आणि त्या नावाचं किती, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

सगळ्यांनी उद्या राजीनामे टाका, असं मी म्हणत नाही हं! सावलीत राहण्यात लाज कसली? लोगनएअरही वर्षानुवर्षं राहिलीच की. पण त्या काळात ती वाळूवर विमान उतरवायला विसरली नाही. रंग कुणाचाही असो, हात तिचेच होते.

तेव्हा सोमवारी गळ्यात आय-कार्ड अडकवताना स्वतःला एकदा विचारा. यावरचा लोगो पुसला, तर मला काय काय येतं?

उत्तर यायला दोन मिनिटं लागली तरी चालतील. तेवढ्यात पापा वेस्ट्रे येतं.