शेतांतील तांब्याचा राजा

माझा भाचा इंग्लंडांत केंट परगण्यांत असतो. शेतमालकाची अनुज्ञा घेऊन दर रविवारीं तो धातुशोधक यंत्रासह नांगरलेल्या रानांत हिंडतो. मागील महिन्यांत तेथें सांपडलेल्या एका तांब्याच्या नाण्याचें छायाचित्र पाठवून त्यानें विचारिलें, “मामा, हा राजा कोण?”

नाणें लखलखीत होतें. भाचेसुनेनें तें चिंच-मिठानें घासलें होतें! वाचकभगिनींनीं रागावूं नये. परंतु ताम्हनास जें भूषण तेंच जुन्या नाण्यास मारक होतें. मातींत पडून तांब्यावर जें हिरवें-काळें पुट चढतें, त्या पुटांतच पुष्कळदां अक्षरें टिकून राहिलेलीं असतात. पुट गेलें कीं अक्षरेंहि जातात.

तथापि माप उरतें. व्यास २९ मिलिमीटर, म्हणजे ही हाफपेनी. फार्दिंग २२-२३ मिलिमीटरचें असे. तांब्याची पेनी १७९७ त निघाली. ती ३६ मिलिमीटरची, वजनानें पुरी एक औंस. बर्मिंगहॅमनजीक सोहो येथें मॅथ्यू बोल्टननें ती वाफेच्या यंत्रांवर पाडली. (आपल्या मुंबई इलाख्याचे १७९१ चे पैसेहि त्याच्याच कारखान्यांतले.) त्या पेनीपासून ब्रिटानिया देवीच्या हातीं त्रिशूळ आला. भाच्याच्या नाण्यावर साधा भाला दिसतो; तेव्हां नाणें त्यापूर्वींचें.

आतां मुखाची दिशा. येथें मुख डावीकडे आहे. तिसरा विल्यम, पहिला जॉर्ज व तिसरा जॉर्ज हे तांब्याच्या नाण्यांवर उजवीकडे पाहतात, म्हणून ते तिघेहि गळाले. उरले दोघे: १६७२ त राजमुखाची हाफपेनी प्रथम काढणारा दुसरा चार्ल्स आणि १७२९ पासून १७५४ पर्यंत ती पाडणारा दुसरा जॉर्ज. निर्णय अक्षरांनींच व्हावयाचा. चार्ल्सच्या नाण्यावर ‘कारोलुस् आ कारोलो’, म्हणजे ‘चार्ल्सपासून झालेला चार्ल्स’, असें लॅटिन असतें. आपली पंचमीच ही! त्यांत अंक नाहीं. जॉर्जच्या नांवापुढें मात्र दोनाचा रोमन अंक, दोन उभ्या रेघा, असतो. दिव्याचा उजेड तिरपा पाडून त्या रेघा शोध, असें मीं कळविलें. चिंचेस मनाई केली, हें सांगणें नलगे.

परवां उत्तर आलें. डोक्यावर एक उभी रेघ स्पष्ट दिसते. तिच्या शेजारीं घासल्याचा ओरखडा आहे.