पुरावा कोणी द्यायचा?

गोळी लागलेल्या जवानाची जखम सर्वांस दिसते. परंतु युद्धभूमीवरील धूर ज्याच्या फुप्फुसांत शिरला, त्याचा विकार कित्येकदा घरी परतल्यावर प्रकट होतो, आणि तेव्हा सरकार त्यालाच पुरावा मागते. अमेरिकेच्या माजी सैनिकांनी हा अन्याय दीर्घकाळ सोसला आहे.

इराक व अफगाणिस्तानातील अमेरिकी तळांवर प्लॅस्टिक, टायर, रंग, बॅटऱ्या, इस्पितळातील घाण असा सारा कचरा विमानाचे इंधन ओतून उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. बगदादच्या उत्तरेस बलाद येथील असा खड्डा सुमारे १० एकरांचा होता. त्यात २००३ साली मोसूलनजीक मिश्राक येथे गंधकाच्या कारखान्यास आग लागून विषारी वायूचे लोट काही आठवडे पसरत राहिले.

धडधाकट म्हणून भरती झालेले जवान परतले ते धाप लागूनच. क्ष-किरण तपासणीत बहुधा काहीच आढळत नसे. अखेर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ४९ जवानांच्या फुप्फुसांचे नमुने शस्त्रक्रियेने काढून तपासले, तेव्हा ३८ जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका आकसल्याचे दिसून आले. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. तरीही २००७ ते २०२० या काळात अशा धुराशी संबंधित दाव्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश दावे फेटाळले गेले!

प्रत्येक खोकला युद्धभूमीवरूनच येतो असे नव्हे. धूम्रपान असते, वाळवंटातील धूळ असते. सरकारी तिजोरीची काळजीही कोणी तरी वाहिलीच पाहिजे. हे आम्ही मान्य करतो. परंतु कोणत्या जवानाने किती धूर घेतला, याचे मोजमाप ठेवणे सरकारच्या हाती होते, जवानाच्या नव्हे. स्वतः न ठेवलेल्या नोंदीचा अभाव त्याच्याविरुद्ध वापरणे हा न्याय कसला?

१० ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेत संमत झालेल्या कायद्याने हे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरविले. ठराविक प्रदेशांत सेवा केलेल्या जवानास यादीतील विकार जडल्यास तो सेवेमुळेच जडला, असे आता गृहीत धरले जाते. ज्यांचे नाव या कायद्यास दिले आहे, ते सार्जंट हीथ रॉबिन्सन मात्र २०२० सालीच फुप्फुसाच्या कर्करोगाने निवर्तले होते.

आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेतूनच उद्भवला असे सामान्यतः मानावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला होता. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रातून बाहेर पडणारा जवान उद्या हिमशिखरावरील बंदिस्त निवाऱ्यात रॉकेलच्या धुरात रात्री काढील. त्याच्या फुप्फुसांची क्षमता भरतीच्या दिवशी, प्रत्येक खडतर नेमणुकीनंतर आणि निवृत्तीच्या वेळी मोजून नोंदविणे, एवढे तरी सरकारने करावे. त्यास फार खर्च लागत नाही. इच्छा मात्र लागते.