काढ्याआधीं मातीकडे पाहावें

१९१८ सालीं पाऊस फसला आणि त्याच सालीं मानमोडीची साथ मुंबई इलाखाभर पसरली. उपाशी शरीरावर साथीचा घाव खोल बसतो, हा धडा आपल्या पूर्वजांस तेव्हां फार मोठी किंमत देऊन मिळाला. २०२० सालीं कोरोनाची साथ आली, त्या वेळीं मात्र तो आपणांस आठवला नाहीं. घरोघर काढ्याचीं पातेलीं चढलीं, जस्ताच्या गोळ्या आल्या, आणि बांधावरची गुळवेल कित्येकांनीं रोज घेण्यास प्रारंभ केला.

तुळस, सुंठ, मिरें व दालचिनी यांचा काढा आयुष मंत्रालयानेंच त्या वर्षीं सुचविला होता. त्यानें घशास आराम पडतो, हें कोण नाकारील? पण त्यानें विषाणूस अटकाव होतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. शिवाय, वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समज घातक आहे. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानें तीवर आक्षेप घेतला हें खरें; तथापि यकृताचा विकार असणाऱ्यानें डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती घेऊं नये, यांतच शहाणपण आहे.

मग शेतकऱ्यानें करावें काय? आमचें मत असें कीं, त्यानें प्रथम आपल्या मातीकडे पाहावें. रोगाशीं झगडण्यास शरीरास जस्त व लोह अवश्य लागतें, आणि पोट भरूनही तीं कमी पडूं शकतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत जस्त असूनही पिकास पुरेसें मिळत नाहीं. भाताचा खैरा रोग जस्ताच्या उणिवेनें होतो, हें यशवंत नेने यांनीं १९६६ सालीं पंतनगर येथें दाखविलें. पानावरची उणीव आपण ओळखतों. ताटांतली ओळखत नाहीं.

यास्तव माती तपासून घ्यावी. उणीव आढळल्यास हेक्टरीं २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतांत मिसळून द्यावें. स्फुरदाच्या खतांत तें मिसळूं नये. घरच्या भाकरीसाठीं ‘धनशक्ति’ बाजरीचा एखादा तुकडा पेरावा. तींत लोह व जस्त अधिक असतें. महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांस अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी दिल्यानें त्यांच्या शरीरांतील लोहाची स्थिति सुधारल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. मटकीस मोड आणावे, म्हणजे तींतील जस्त अंगीं अधिक लागतें.

भाकरीनें साथ टळते काय, असें कोणी विचारील. टळत नाहीं. त्यासाठीं लस, हवेशीर घर आणि आजाऱ्यास वेगळें ठेवणें, हेच उपाय होत. पण पोसलेलें शरीर साथीस अधिक नेटानें तोंड देतें, आणि तें पोसणें आपल्या हातीं आहे. बाजारच्या मालासाठीं आपण खताचा हिशेब काटेकोर ठेवतों. घरच्या धान्यासाठींही तो ठेवावा. पुढील पेरणीपूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या शेतांतील मातीचा एक तरी नमुना तपासणीस द्यावा, इतकीच आमची विनंति आहे.