बशीतला चहा

परवाच्या शनिवारी मी एक मूर्खपणा केला. तो आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

आई-बाबा साताऱ्याहून पुण्याला आले होते. पोराचं बरं चाललंय हे त्यांना कुठेतरी दिसावं अशी एक सुप्त इच्छा आपल्या सगळ्यांनाच असते. म्हणून त्यांना अशा कॅफेत नेलं जिथे नुसत्या चहाचं मेनूकार्ड आठ पानी आहे. दार्जीलिंगचा फर्स्ट फ्लश मागवला. काचेची किटली आली, सोबत तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ आलं आणि कान नसलेले कप आले. बाबांनी कप उचलायचा प्रयत्न केला, चटका बसला, खाली ठेवला आणि त्या वेटरला विचारलं, "बाळा, एक बशी मिळेल का रे?"

शेजारच्या टेबलावर माझ्याच ऑफिसातली दोघं बसली होती. मी हळूच म्हणालो, "बाबा, इथे नको ना."

बाबा "बरं" म्हणाले. बस, एवढंच. पण अर्धा कप चहा तसाच राहिला. या माणसाने चहा उष्टा टाकलेला मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता.

रात्री झोप लागेना. मग सवयीप्रमाणे मी प्रॉब्लेमच्या मुळाशी जायचं ठरवलं. बाबा बशीतूनच चहा का पितात?

उत्तर घरातच होतं. बाबा एसटीत कंडक्टर होते. "गाडी दहा मिनिटं थांबेल" हे वाक्य आपण प्रवासी म्हणून ऐकतो, पण त्या दहा मिनिटांत कंडक्टरला कंट्रोलरकडे नोंद करायची असते, जमलं तर वडापाव खायचा असतो आणि चहाही प्यायचा असतो. कॅन्टीनचा चहा थेट पातेल्यातून गाळलेला, जीभ पोळवणारा. तो कपात निवेपर्यंत बेल मारायची वेळ होणार. बशीत ओतला की काम दोन मिनिटांत! म्हणजे मी ज्याला 'सवय' समजत होतो, ती एका वेळापत्रकावर काढलेली तोड होती.

आणि तोडही काय! आपण इंजिनिअरिंगला हीट ट्रान्स्फरच्या पेपरात जे घोकलं, ते सगळं त्या बशीत आहे. तेवढाच चहा पसरट भांड्यात पातळ थरात आला की हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, बाष्पीभवन जोरात होतं आणि ते जाताना उष्णता घेऊन जातं. शिवाय चिनी मातीची गार बशी स्वतःही थोडी उष्णता शोषते. मी रविवारी घरी थर्मामीटर लावून पाहिला. कपातला चहा पाच मिनिटांनंतरही ६५ अंशांच्या वर होता, बशीतला मिनिटाभरात त्याच्या खाली आला.

६५ हाच आकडा का? तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातली. धोका अन्ननलिकेला आहे आणि दोष चहाचा नाही, तापमानाचा आहे. म्हणजे मॅनर्स म्हणून मी बाबांना जे करायला सांगत होतो, त्यापेक्षा ते करत होते तेच जास्त शहाणपणाचं होतं.

बरं, हे मॅनर्स तरी कुणाचे? अठराव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्ये लोक बशीत ओतून चहा पीत. ते गावंढळ ठरलं नंतर. रशियन चित्रकार बोरिस कुस्तोदिएव्ह यांचं १९१८ चं एक चित्र आहे, चहा पिणाऱ्या व्यापाऱ्याच्या बायकोचं. समोवार, कापलेलं कलिंगड, खांद्याला अंग घासणारं मांजर आणि बोटांच्या टोकांवर तोललेली बशी. जरूर शोधून पाहा. बाबांची पकड थेट तशीच आहे.

राहता राहिला भुरका. त्याचीही मला लाज वाटायची. पण चहा कंपन्यांमधले टी-टेस्टर काय करतात माहितेय? चमच्यातून चहा जोरात, आवाज करत ओढतात. त्यामुळे चहाचे तुषार हवेबरोबर तोंडभर पसरतात आणि वास नाकापर्यंत पोचतो. त्यांना त्याचा पगार मिळतो, बाबा फुकट करतात, एवढाच फरक.

आता कुणीतरी म्हणेलच की दूध-साखर घालून उकळलेला चहा हा मुळात 'खरा' चहाच नव्हे. हे मीही गेली दोन वर्षं ऑफिसात सांगत होतो, म्हणून अधिकाराने सांगतो की ते चूक आहे. दार्जीलिंगच्या पानाला उकळी सोसत नाही. त्याचा फुलांसारखा वास हीच त्याची सगळी कमाई. पाणी उकळून थोडं निवू द्यायचं, तीन मिनिटं पान मुरवायचं, दूध नाही. मला तो चहा मनापासून आवडतो. (पहिल्यांदा मी तो आलं घालून खळखळ उकळला होता. भेट देणाऱ्या मित्राला अजून सांगितलेलं नाही.)

पण आपल्या डब्यात असतो तो दाणेदार सीटीसी चहा. पान दातेरी रोलर्समधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करायचं हे यंत्र १९३० च्या दशकात आसाममध्ये विल्यम मॅक्कर्चर यांनी काढलं. पान इतकं फाटल्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, आणि किलोमागे कप जास्त होतात, म्हणून तो परवडतो. तुरटपणाही भरपूर असतो, त्यावर इलाज दूध. दुधातलं केसिन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं आणि चहा जिभेवर मऊ लागतो. आलं, वेलदोडा, गवती चहा हे सगळं पेलण्याची ताकद याच चहात आहे. काचेच्या किटलीत तीन मिनिटं ठेवून त्याला नावं ठेवणं म्हणजे ट्रॅक्टर एक्सप्रेसवेवर आणून 'पळत नाही' म्हणण्यासारखं आहे.

तर माझं म्हणणं एवढंच: चहाची 'योग्य पद्धत' पानावरून ठरते आणि पिणाऱ्याच्या हातात किती मिनिटं आहेत त्यावरून ठरते. मेनूकार्डावरून नाही. टपरीवरचं कटिंग, इराण्याकडचा बन-मस्का बुडवून घेतलेला चहा, आईचा पहाटेचा बिनसाखरेचा, या सगळ्यांमागे कुणाची तरी गरज आणि कुणाचा तरी हिशोब आहे. तो समजून न घेता नाक मुरडणारा माणूस चहाचा दर्दी नसतो, नुसता नवा गिऱ्हाईक असतो. परवा तो मी होतो.

रविवारी बोहरी आळीत जाऊन सहा कपबश्या आणल्या. माझ्या घरात तोवर सगळे मगच होते. संध्याकाळी पहिला प्रयोग केला आणि निम्मा चहा टी-शर्टवर. बाबांना फोन लावला. कॅफेचा विषय मला काढायचा होता, पण त्याआधीच ते हसत म्हणाले, "वरून धार सोडलीस ना? कप बशीला टेकवायचा आणि मग तिरका करायचा. आणि भरू नको काठोकाठ."

मग जमलं. पुढच्या महिन्यात येतायत ते.