गाडी मुंबईला का गेली?

मे 2020 च्या शेवटच्या आठवड्यात नांदेडहून एक रुग्णवाहिका मुंबईला निघाली. तिच्यात राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री, नांदेडचे पालकमंत्री आणि माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण होते. त्यांना कोरोना झाला होता. शहराला लागून विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उभे होते आणि त्यावर त्यांच्याच वडिलांचे, डॉ. शंकरराव चव्हाणांचे नाव होते. तरी गाडी जवळजवळ सहाशे किलोमीटरच्या वाटेला लागली. पालकमंत्री बरे झाले, याचा आनंदच आहे. आजारी माणसाने जीव वाचेल तिथे जावे. त्यासाठी त्याला बोल लावण्याइतके आम्ही निर्दय नाही. आमचा सवाल निराळा आहे. ज्या घराण्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, त्याला आपल्याच गावातल्या, आपल्याच नावाच्या दवाखान्याचा भरवसा का वाटू नये? आणि पालकमंत्र्याला जो वाटला नाही, तो किनवटच्या, मुखेडच्या, हदगावच्या शेतमजुराने कशाच्या बळावर बाळगायचा?

त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महामारी कशी हाताळली, यावर महाराष्ट्रात अजून भांडणे होतात. एका बाजूला ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखे धीर देणारे कुटुंबप्रमुख. दुसऱ्या बाजूला 'मातोश्री'चा उंबरा न ओलांडणारे फेसबुकवरचे मुख्यमंत्री. ज्याचा झेंडा जसा, तसा त्याचा निकाल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! गंमत अशी की ही दोन्ही चित्रे मुंबईतून काढलेली आहेत. राज्यकर्त्याने साथ कशी हाताळली, याचा न्याय मोबाइलच्या पडद्यावर होत नसतो. तो विष्णुपुरीच्या अपघात विभागाच्या दारात, लातूरच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणि अंबाजोगाईच्या स्मशानात होतो. तिथे उभे राहून पाहिले की एकही झेंडा स्वच्छ दिसत नाही.

'मराठवाड्यावर अन्याय' ही आमच्या पुढाऱ्यांची पन्नास वर्षांची ढाल. निदान या एका बाबतीत ती आता खाली ठेवा! शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण: चार मुख्यमंत्री नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांनी दिले. महामारी आली तेव्हा आरोग्य खाते जालन्याच्या राजेश टोपेंकडे होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ज्या खात्याखाली येतात ते वैद्यकीय शिक्षण खाते लातूरच्या अमित देशमुखांकडे होते. म्हणजे साथीशी लढायची दोन्ही खाती मराठवाड्याच्या हाती. लातूरचे महाविद्यालय विलासरावांच्या नावाचे, नांदेडचे शंकररावांच्या नावाचे, आणि दोघांचेही पुत्र मंत्रिमंडळात! याहून अधिक सत्ता कोणत्या मुलखाने मागावी? तरीही विलासरावांच्या लातुरात जुने जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाच्या पोटात गेले ते गेलेच; नव्या जिल्हा रुग्णालयासाठी लोक महामारीच्या आधी निवेदने देत होते आणि नंतर आंदोलने करीत राहिले. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हा.

या पोकळ वाशाने पुढाऱ्यांनाही सोडले नाही. निलंगेकर साहेब ऑगस्ट 2020 मध्ये गेले, पुण्यात. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने गेले, मुंबईत. कळमनुरीचे राज्यसभा खासदार राजीव सातव मे 2021 मध्ये गेले, पुण्यात. मृतांविषयी आम्ही आदरानेच बोलतो आणि त्यांच्या घरच्यांचे दुःख जाणतो. परंतु ज्यांच्या शब्दावर कलेक्टर उठून उभा राहत असे, त्यांनाही उपचारासाठी मराठवाड्याची वेस ओलांडावी लागली, तर ज्यांच्या हाती पिवळे रेशनकार्ड तेवढेच होते त्यांचे काय झाले असेल? कोणी सोलापूर गाठले, कोणी हैदराबाद; कोणी रान गहाण टाकून रेमडेसिव्हिरची कुपी काळ्या बाजारात घेतली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे तेव्हा प्रत्येक शहरात निपजले.

ठाकरे यांच्या पदरात त्यांचे माप घालायलाच हवे. ते ओरडले नाहीत. धर्माच्या नावाने रोगी वेगळे काढले नाहीत. मंदिरे उघडा म्हणून राजभवनातून टोमण्याचे पत्र आले तेव्हा ते बधले नाहीत. प्रबोधनकारांच्या नातवाला ते शोभले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात नमुने तपासण्याची प्रयोगशाळा उभी राहिली, तीही याच काळात. पण सप्टेंबर 2020 मध्ये त्यांनी घोषणा दिली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आणि फेब्रुवारी 2021 मध्ये दुसरी, 'मी जबाबदार'. जबाबदार कोण? तर नागरिक! हात धुण्याची जबाबदारी नागरिकाची, हे कबूल. खाट, ऑक्सिजन, डॉक्टर यांची जबाबदारी कोणाची? त्याची घोषणा झाली नाही. पहिल्या मोहिमेत घरोघर फिरल्या आशा ताई, आणि त्यांना जून 2021 मध्ये मानधनासाठी संप करावा लागला. आठवडाभराने काय मिळाले? महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि वर पाचशे रुपये कोविड भत्ता!

त्याहून मोठे पाप पुढे आहे. माणसे मरत असताना आरोग्य खात्यातल्या हजारो जागा रिकाम्या होत्या. त्या भरायला ऑक्टोबर 2021 मध्ये परीक्षा झाली, आणि पेपर फुटला. फोडला कोणी? खात्याच्या मुंबईतल्या सहसंचालकाला अटक झाली आणि लातूरच्या उपसंचालक कार्यालयातल्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्यालाही. ज्या वर्षी चितांना जागा पुरली नाही, त्याच वर्षी चितेच्या धुराआडून नोकऱ्यांचा बाजार मांडला गेला! मंत्र्यांनी खेद व्यक्त केला. राजीनामा कोणी दिला नाही.

एप्रिल 2021 मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेले. बावीस! स्वामीजींनी निजामाशी लढून हा मुलूख सोडवला. त्यांच्या नावाच्या रुग्णालयातून मराठवाड्याची माणसे अशी निघाली. कारण सांगितले गेले की रुग्णवाहिका कमी होत्या. दुसऱ्या लाटेत रुग्णवाहिका लागतील हे समजायला पहिली लाट पुरी पडली नाही का?

आणि खोटेपणात दिल्ली-मुंबईची कशी जोडी जमली ते पाहा. 20 जुलै 2021 रोजी केंद्राच्या राज्यमंत्री भारती पवार, याच महाराष्ट्राच्या खासदार, यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळवलेली नाही. एरवी केंद्राच्या प्रत्येक वाक्याला विरोध करणारे महाराष्ट्र सरकार यावर तुटून पडले असेल? छे! टोपेंनीही सांगितले, ऑक्सिजनच्या तुटवड्याने राज्यात कोणी मेले नाही. सिलिंडर पाठीशी बांधून एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे धावलेल्या लेकरांनी दोन्ही उत्तरे ऐकली. केंद्राने मे 2025 मध्ये आपलीच जन्ममृत्यूची नोंद बाहेर काढली: 2020 साली देशात 81 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021 साली 1 कोटी 2 लाख. एका वर्षात एकवीस लाखांची भर. आणि त्या वर्षी कोरोनाच्या खात्यावर मांडले किती? साडेतीन लाखांच्या आत. सगळी भर कोरोनाचीच, असे आम्ही म्हणत नाही. उरलेली कशाची, एवढेच विचारतो.

दिल्लीचा हिशेब इथे थोडक्यात. चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू महिनाभर नांदेडात अडकले. ते पंजाबात परतले, त्यांतले शेकडो बाधित निघाले, आणि मग रोग कोणी कोणाला दिला यावर दोन राज्यांची सरकारे सवतींसारखी भांडली. रोग्याचा पत्ता शोधण्याऐवजी गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. 8 मे 2020 रोजी करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या कारखान्यातून ते पायी गावाकडे निघाले होते. थाळ्या वाजवून झाल्या, दिवे लावून झाले. त्यांच्यासाठी गाडी तेवढी सुटली नव्हती.

साथीचे हुकूम ज्या कायद्यांखाली निघाले त्यांतला एक 1897 चा साथरोग कायदा. प्लेग कमिशनर रँडच्या गोऱ्या शिपायांनी पुण्यात घरे उपसली, त्याच काळातला. त्यात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि हुकूम देणाऱ्याला संरक्षण आहे. राज्यकर्त्यावर मात्र खाट देण्याचे, औषध देण्याचे एका ओळीचेही बंधन नाही. सव्वाशे वर्षांनी स्वराज्याच्या सरकारने तोच कायदा बाहेर काढला. त्याच 1897 च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. दोन्ही वारसे आपल्यासमोर होते. सरकारांनी रँडचा उचलला. सावित्रीबाईंचा चालवला तो परिचारिकांनी, सफाई कामगारांनी, आणि घरच्यांनी नाकारलेल्या प्रेतांना अग्नी देणाऱ्या पालिकेच्या माणसांनी.

कोणी म्हणेल, झाले ते झाले, आता उकरून काय मिळणार? त्याने 1 ऑक्टोबर 2023 आठवावे. सरकार बदलले होते. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, आरोग्यमंत्री तानाजी सावंत, तेही मराठवाड्यातल्या परंड्याचे आमदार. त्याच विष्णुपुरीत चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके. दोन दिवसांत आकडा एकतीसवर गेला. सुमारे पाचशे खाटांच्या रुग्णालयात हजारावर रुग्ण. हिंगोली, परभणी, यवतमाळपासून तेलंगणापर्यंतचे. औषधे नाहीत अशी ओरड, जागा रिकाम्या. महामारीने जे शिकवायचे ते अडीच वर्षे शिकवले होते, शिकले कोण? सत्ताधारी खासदार हेमंत पाटील धावून आले, आणि त्यांनी काय केले? अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला! बाळांच्या मरणाचा जाब मंत्रालयात विचारायचा; तो कॅमेऱ्यापुढे एका डॉक्टरला अपमानित करून उरकला. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि अशोक चव्हाण, ज्यांनी तेव्हा सरकारवर टीकेची झोड उठवली, ते साडेचार महिन्यांच्या आत सत्ताधारी भाजपमध्ये होते.

ब्रिटनने निवृत्त न्यायमूर्ती हॅलेट यांच्यापुढे चौकशी लावली आणि माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना शपथेवर जाब द्यायला बसवले. ब्राझीलच्या सिनेटच्या चौकशी समितीने राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर खटले भरा असा अहवाल दिला. महाराष्ट्रात चौकशी झाली ती खिचडीची, मृतदेहांच्या पिशव्यांची आणि मुंबईतल्या कोविड केंद्रांच्या कंत्राटांची. पैसे खाल्ले असतील तर जरूर तुरुंगात घाला. पण पिशवीच्या किमतीची चौकशी करणाऱ्या सरकारला पिशवीतल्या माणसाची चौकशी सुचली नाही!

आणि लोकहो, आपणही आरशात पाहू. शेजाऱ्याला बाधा झाली म्हणून गल्लीत बांबू ठोकणारे आपण. दवाखान्यातून परतलेल्या नर्सला भाड्याची खोली सोडायला लावणारे आपण. देवळासाठी, पुतळ्यासाठी, कमानीसाठी वर्गणी आणि मोर्चा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही म्हणून गाव बंद ठेवल्याचे किती जणांना आठवते? 2021 नंतर नांदेड-लातुरात प्रत्येक निवडणुकीत जात विचारली गेली, घराणे विचारले गेले. ऑक्सिजन कोणी विचारला नाही.

आमची मागणी साधी आहे. 2020 आणि 2021 या दोन वर्षांची प्रत्येक तालुक्याची मृत्यूनोंद, आधीच्या पाच वर्षांच्या नोंदीशेजारी ठेवून, प्रसिद्ध करा. महामारीत उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांपैकी किती आज चालू आहेत, ते रुग्णालयाच्या दारावर लिहा. विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या रिकाम्या जागा पदनिहाय सांगा. निवृत्त न्यायमूर्तींपुढे ठाकरे, टोपे, देशमुख, शिंदे, सावंत आणि केंद्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री यांना एकाच खुर्चीवर, एकामागून एक बसवा आणि उत्तरे घ्या. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. नोंदवह्या ग्रामपंचायतीत आहेत, महापालिकेत आहेत. सरकारने त्या उघडल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्या मागा, गावोगाव मागा, आणि उत्तर मिळेपर्यंत मागत राहा.