इसाराची रक्कम कुणाच्या हाती? बँक की त्रयस्थ एस्क्रो संस्था

डहाणू : केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. त्याआधीपासूनच बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाची कामं डहाणू-तलासरीतून जात आहेत. साहजिकच जमिनीच्या चौकश्या वाढल्या. व्यवहाराची पद्धत मात्र जुनीच राहिली. स्टॅम्पपेपरवर नोटरी करायची, इसार दलालाच्या हाती द्यायचा, मग सातबारा, मोजणी आणि परवानगीची वाट बघत बसायचं.

या मधल्या काळात पैसा कुणाकडे राहणार, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण व्यवहार फिसकटतो तो इथेच. एस्क्रो म्हणजे याच मधल्या काळासाठीची सोय. पैसा घेणाऱ्याकडेही नाही आणि देणाऱ्याकडेही नाही, तो तिसऱ्याकडे राहतो. ठरलेली अट पूर्ण झाली की विकणाऱ्याला मिळतो, नाही झाली तर परत जातो.

ही कल्पना आपल्याला अगदीच नवी नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ७७ नुसार मोबदल्याच्या हक्कावर किंवा वाटणीवर वाद असेल, तर जिल्हाधिकारी ती रक्कम कुणा एका भावाच्या हाती न देता प्राधिकरणाकडे जमा करतात. वाद मिटला की ज्याचा हक्क त्याला रक्कम मिळते. सरकार स्वतःच्या व्यवहारात ही काळजी घेतं, मग आपण खासगी व्यवहारात का घेऊ नये?

बँक काय करते, काय करत नाही

बँकेतल्या एस्क्रो खात्यासाठी विकणारा, घेणारा आणि बँक असा तिघांचा करार होतो. फायदा उघड आहे. बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि प्रत्येक पैशाची नोंद राहते. पण बँक फक्त करारात लिहिलेले कागद बघते. सातबाऱ्यावरचे सगळे वारस सह्यांना आलेत का, वहिवाट कुणाची आहे, याची चौकशी बँक करणार नाही. शिवाय गावातल्या शाखेत हे काम सहसा होत नाही, मोठ्या शाखेत किंवा मुंबईला जावं लागतं. छोट्या रकमेसाठी तो खर्च आणि खेटे परवडत नाहीत.

स्वतंत्र संस्था किती स्वतंत्र?

स्वतंत्र एस्क्रो संस्था कागद तपासणं, अटी लिहिणं ही कामंही करू शकते. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एस्क्रो कंपन्यांना जसा सरकारी परवाना लागतो, तसा जमीन व्यवहारातल्या एस्क्रोसाठी स्वतंत्र परवाना देणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. त्यामुळे उद्या कुणी बोर्ड लावून किंवा वेबसाइट काढून ‘आम्ही एस्क्रो’ म्हणालं, तर विचारायचं एवढंच : पैसा नेमक्या कुठल्या बँकेत, कुणाच्या नावाच्या खात्यात जाणार? ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटर कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने २०२० च्या नियमांनी ग्राहकांचा पैसा शेड्युल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यातच ठेवायला लावला आहे.

म्हणजे संस्था कुठलीही निवडा, पैसा शेवटी बँकेतच असायला हवा. आणि बँकही बघूनच निवडावी. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

इथे कायद्याने निम्मं काम केलेलं आहे. रेरानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए यांनी बांधकामाचा टप्पा प्रमाणित केल्यावर त्या प्रमाणातच ती काढता येते. महारेराने १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली आहेत. ग्राहकाने चेक द्यायचा तो त्यातल्या कलेक्शन खात्याच्याच नावाने. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ पर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतात. तिथे हे कवच नाही.

खरा प्रश्न अटीचा

बँक की संस्था, यापेक्षा पैसा कुठल्या कागदावर सुटणार, हे महत्त्वाचं. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. ती नसेल तर व्यवहार अवैध ठरतो. पैसा कितीही सुरक्षित खात्यात ठेवला तरी त्याने जमीन मिळत नाही. म्हणून अट ‘खरेदीखत झाल्यावर’ एवढीच ठेवू नका. परवानगीचा आदेश, सर्व वारसांच्या सह्या, खरेदीखताची नोंदणी, फेरफार मंजुरी असे टप्पे लिहा. अमुक तारखेपर्यंत परवानगी आली नाही तर रक्कम किती दिवसांत परत, हेही लिहा.

यात विकणाऱ्याचाही फायदा आहे. थोडा इसार देऊन वर्षानुवर्षं जमीन अडकवून ठेवणाऱ्याला आळा बसतो. पूर्ण रक्कम खात्यात आहे हे दिसल्यावरच सही करा.

व्यवहार छोटा असेल आणि एस्क्रो परवडत नसेल तर साधा रस्ता धरा. नोटरीवर न थांबता साठेखत नोंदवा, पैसे टप्प्याटप्प्याने चेकने किंवा आरटीजीएसने द्या आणि शेवटची मोठी रक्कम डिमांड ड्राफ्टने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सही होतानाच हाती द्या. दलालाला त्याची दलाली जरूर द्या, पण इसार त्याच्या खिशात ठेवू नका.