पिवळ्या भिंतीशी गाठ

कोल्हापूरच्या एका चित्रकर्तीनं आपल्या जलरंगातल्या चित्रांचं प्रदर्शन डिसेंबरात पणजीला, फोंतेन्हासमधल्या एका जुन्या घरात मांडायचं ठरवलं आणि कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला मदतीला बोलावलं. मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर मदत म्हणजे दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत आणि संध्याकाळी मांडवीच्या काठानं फेरफटका. पहिल्याच दुपारी तिच्या हातात पाणसळ आली.

फोंतेन्हासच्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की गिलाव्याचा पापुद्रा सुटतो, आणि मालक शेजारच्याच खोलीत बसलेले. त्यामुळे वरच्या लाकडी पट्टीवरून नायलॉनची दोरी सोडायची आणि चित्राचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर येईल अशी गाठ मारायची. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तरी चित्र तिरकंच दिसतं, कारण वरची तुळईच शंभर वर्षांत एका अंगाला कललेली असते. शेवटी एकीनं लांब जाऊन बघायचं आणि दुसरीनं स्टुलावरून विचारायचं, ‘आता?’ घाटातल्या वळणांच्या धास्तीनं चौकटींना काचेऐवजी ॲक्रिलिक बसवलेलं, ते ठीक. पण हवेतल्या दमटपणाला कोण अडवणार? 300 ग्रॅमचा सुती कागदसुद्धा इथं लहरतो. चौकटींच्या पाठी टेपनं बंद करून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तेव्हा कुठे चित्रकर्ती जेवायला बसली.

मग दारं उघडली, आणि खरी अडचण रस्त्यावर निघाली. बाहेरची भिंत पिवळी.

फोंतेन्हास म्हणजे आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसलेली वस्ती. 1843 साली पणजी राजधानी झाली, तशी इथं दाटी वाढली. पावसाळा सरला की घराला रंग द्यायचाच, असा पोर्तुगीज अमलातला दंडक. पांढरा रंग देवळाचा, म्हणजे चर्चचा, आणि घरांना पिवळा, निळा, तांबडा. आज पर्यटक येतो तो या रंगांसमोर उभं राहून फोटो काढायला. त्याचा इतका ताप झाला की रहिवाशांनी ‘इथे फोटो काढू नका’ अशा पाट्याच लावल्या. प्रदर्शनाच्या दारासमोर जोडपी यायची, पोझ बदलायची, मोबाइलमध्ये बघायची, निघून जायची. आत डोकावणाऱ्यांचा पहिला प्रश्न चित्राचा नसायचा, ‘वॉशरूम आहे का?’ असा असायचा. दुसरा, ‘याचं मॅग्नेट मिळेल?’

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सुट्टीवरच्या माणसाचे डोळे दुपारपर्यंतच भरून गेलेले असतात. गंमत अशी, की ज्या गावात तो भिंती बघत फिरतो, तिथं भिंतीवरची चित्रकला खरंच आहे. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासोनं केलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, 1935 सालचे. फोंतेन्हासमध्येच फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आंतोनियो शाव्हिएर त्रिंदादची चित्रं आहेत. 1870 मध्ये सांग्यात जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला आणि तिथंच शिकवूही लागला. पलीकडे पर्वरीत आंजेलो द फोन्सेका भेटतो. त्यानं चित्रात मेरीला साडी नेसवली, त्यावरून गोव्यात टीका झाली आणि तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहून रंगवत राहिला. कोल्हापूर-पुण्याकडून आलेल्या पाहुण्याला ही नावं सांगितली की तो जरा थबकायचा. मैत्रिणीनं हे हेरलं आणि ती दाराशी उभी राहून त्रिंदादपासूनच बोलायला लागली.

2016 पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवामुळे चित्रं बघायला म्हणून येणारा माणूसही आता पणजीत दिसतो. पण सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते गल्लीतले लोक. पोदेराकडून पाव घेऊन परतणाऱ्या एक आजी एका पावसाच्या चित्रापुढे पिशवी खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि ‘ही पागोळी अशी पडत नाही, इथं वळचण आहे’ म्हणून चूक दाखवून गेल्या. विकत काही घेतलं नाही. चित्रकर्तीनं मात्र रात्री वहीत ती वळचण काढून ठेवली.

विकल्याच्या लाल टिकल्या लागल्या त्या पोस्टकार्डाएवढ्या चित्रांना. मोठी चित्रं बबल रॅपमध्ये गुंडाळताना मैत्रिणीनं हिशेब मांडला: पुढच्या खेपेला बाहेरच्या पिवळ्या भिंतीची लहान लहान चित्रं केलीस, तर टेम्पोचं भाडं आणि डिसेंबरातली खोली त्यातच निघेल. चित्रकर्ती म्हणाली, ती भिंत तर फुकटच दिसते, पैसे कोण देणार? ‘मॅग्नेटला देतात की!’ सावंतवाडी येईस्तोवर हा वाद चालला होता आणि आंबोलीच्या चहावर पुन्हा नव्यानं सुरू झाला.